घर विकणे आहे – पण विकतो कोण?

'घर विकणे आहे', 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या आपण रोज पाहतो. विकणारा कोण, देणारा कोण, हे त्या वाक्यांत कुठेच नसते आणि त्यावाचून वाचणाऱ्याचे काही अडतही नाही. स्पेनमध्ये, मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात हीच पाटी 'से बेन्दे' अशी दोनच शब्दांची असते. घरे अनेक असली तर 'से बेन्देन कासास'. 'कासास' म्हणजे घरे, 'बेन्देन' म्हणजे विकतात आणि 'से' म्हणजे 'स्वतःला'. शब्दाला शब्द ठेवला तर अर्थ निघतो, 'घरे स्वतःला विकतात'! अर्थात ती पाटी वाचणाऱ्या कुणाच्याही मनात असा अर्थ येत नाही.

अडचण येते ती हाच माणूस इंग्रजी शिकायला बसतो तेव्हा. तो लिहितो, 'इट सेल्स हाउसेस'. नाहीतर नुसतेच 'सेल हाउसेस'. इंग्रजी वाचणारा विचारात पडतो : 'इट' म्हणजे कोण? घरे विकणारी ही कोणती वस्तू? त्याला हवे असते 'हाउसेस आर सोल्ड हिअर' असे वाक्य, म्हणजे आपण शाळेत ज्याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतो ते.

स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची राजभाषा किंवा मुख्य भाषा आहे. एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक लोक आहेत. एवढ्या मोठ्या समाजाला इंग्रजी शिकवताना पुन्हापुन्हा ठेच लागते अशा ज्या जागा आहेत, त्यांत पॅसिव्ह व्हॉइस ही एक. पण गंमत अशी की, वरवर पाहिले तर इथे ठेच लागण्याचे काही कारणच दिसत नाही.

साचा तर तोच आहे

'पत्र आनाने लिहिले' या अर्थाचे इंग्रजी पॅसिव्ह वाक्य घ्या : 'द लेटर वॉज रिटन बाय आना'. आता स्पॅनिश : 'ला कार्ता फुए एस्क्रिता पोर आना'. 'द'च्या जागी 'ला', 'लेटर'च्या जागी 'कार्ता', 'वॉज'च्या जागी 'फुए', 'रिटन'च्या जागी 'एस्क्रिता', 'बाय'च्या जागी 'पोर'. एका वाक्यावर दुसरे ठेवावे आणि कडा जुळाव्यात तसे हे जुळते. उलट स्पॅनिशमध्ये एक काम जास्तच आहे. 'कार्ता' स्त्रीलिंगी म्हणून 'एस्क्रिता'. 'लिब्रो', म्हणजे पुस्तक, पुल्लिंगी म्हणून 'एस्क्रितो'. पत्रे अनेक असली तर 'एस्क्रितास'. लिहिलेले पत्र, लिहिलेला लेख, लिहिलेल्या चिठ्ठ्या, तसेच हे. इंग्रजीत क्रियापदाचे तिसरे रूप लिंगवचनाप्रमाणे हलत नाही, म्हणजे शिकणाऱ्याचे ओझे कमीच होते.

एक छोटा खड्डा मात्र आहे. 'पोर' या शब्दाचा अर्थ 'कडून' असा होतो, तसाच 'मुळे' असाही होतो आणि 'साठी' असाही. शिवाय तो कानाला इंग्रजी 'फॉर'सारखा वाटतो. म्हणून नवखा विद्यार्थी लिहून जातो की 'डॉन किहोते' ही कादंबरी 'वॉज रिटन फॉर सेर्बान्तेस'. म्हणजे लेखकासाठी दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिली! १६०५ साली पहिला भाग छापून आलेल्या या कादंबरीच्या लेखकावर हा अन्यायच. पण ही चूक दोन-चार वेळा दाखवून दिली की जाते.

तेव्हा 'खालील वाक्यांचा व्हॉइस बदला' हा प्रश्न स्पॅनिशभाषक विद्यार्थी पटकन सोडवतो आणि गुणही मिळवतो. मग निबंध लिहायला दिला की तेच पॅसिव्ह वाक्य हवे तिथे येत नाही, आणि आले तर नको तिथे येते. व्याकरण तर येते आहे, मग चुकते काय?

चुकते हे की त्याच्या स्वतःच्या भाषेत हा साचा आहे खरा, पण तो रोजच्या वापरातला नाही. फाटके कपडे आणि लग्नाचा कोट दोन्ही एकाच कपाटात असतात. पण कोट वर्षातून एकदा निघतो. 'फुए एस्क्रिता' हा असा कोट आहे. इतिहासाची पुस्तके, कायदा, वर्तमानपत्रे यांत तो दिसतो. घरात, बाजारात, शाळेच्या मैदानावर जवळजवळ नाही. पॅसिव्ह व्हॉइस इंग्रजीत जे काम करतो, ते काम स्पॅनिश माणूस दिवसभर करतच असतो, पण वेगळ्याच हत्यारांनी.

वेगळी हत्यारे

पहिले हत्यार म्हणजे पाटीवर भेटलेला 'से'. त्याची वाटचाल पाहण्यासारखी आहे. मुळात तो 'स्वतःला' असा अर्थ दाखवतो : 'से लाबा', म्हणजे तो स्वतःला धुतो, अंग धुतो. मग तो निर्जीव वस्तूंना लागला : 'ला पुएर्ता से आब्रियो', दार उघडले. दाराने स्वतःला उघडले असे कुणी म्हणत नाही. उघडणारा दिसला नाही, एवढाच अर्थ. तिथून पुढची पायरी 'से बेन्देन कासास', घरे विकली जातात. इथे विकणारा नक्की आहे, फक्त त्याचे नाव नाही. आणि शेवटची पायरी 'आकी से बीबे ब्येन', म्हणजे 'इथे सुखाने राहता येते'. इथे तर कर्मसुद्धा उरले नाही. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज पाट्यांवर 'व्हेंदे-से' ज्यांनी वाचले असेल त्यांना हा भाऊबंद ओळखीचा वाटेल.

'से'चे हे काम नवे नाही. लॅटिनमध्ये क्रियापदाच्याच पोटात पॅसिव्ह रूप असे : 'आमात' म्हणजे तो प्रेम करतो, 'आमातुर' म्हणजे त्याच्यावर प्रेम केले जाते. आपल्याकडे संस्कृतात 'पठति' आणि 'पठ्यते' यांत जसा फरक तसाच. लॅटिनपासून स्पॅनिश झाली तेव्हा ही रूपे गळून पडली. १४९२ साली आन्तोनियो दे नेब्रिहा याने कास्तिलियन, म्हणजे आजच्या स्पॅनिश, भाषेचे व्याकरण लिहिले. युरोपातल्या आधुनिक भाषांच्या छापील व्याकरणांत ते पहिले मानले जाते. त्यात त्याने नोंदवून ठेवले आहे की, लॅटिनसारखे स्वतंत्र पॅसिव्ह रूप या भाषेला नाही. ती वळसा घालून ते साधते आणि तृतीय पुरुषात 'से' लावूनही साधते. कोलंबस निघाला त्याच वर्षी ही गोष्ट व्याकरणात नोंदली गेली होती.

दुसरे हत्यार म्हणजे कर्ता न सांगता वापरलेले अनेकवचनी क्रियापद. 'मे रोबारोन ला बिसिक्लेता' : शब्दशः 'माझी सायकल चोरली त्यांनी', पण 'त्यांनी' हा शब्द वाक्यात नाही. तो क्रियापदाच्या प्रत्ययात मुरलेला आहे, आणि त्याचा अर्थ 'कुणीतरी' असा आहे. चोर एकच असला तरी क्रियापद अनेकवचनीच. मराठीत 'असे म्हणतात', 'त्याला बाबू म्हणतात' या वाक्यांत आपणही हेच करतो. म्हणणारे कोण, असे कुणी विचारत नाही. आता हे वाक्य विद्यार्थी इंग्रजीत नेतो : 'दे स्टोल मी द बायसिकल'. इंग्रजीत कर्त्याचा शब्द गाळता येत नाही, म्हणून 'दे' घालावा लागला. आणि 'दे' घातल्याबरोबर अर्थ बदलला. चौकीवरचा पोलीस विचारणारच, 'दे' म्हणजे कोण? तुम्ही त्यांना ओळखता का? पोलिसाला हवे ते वाक्य 'माय बायसिकल वॉज स्टोलन'. इथे पॅसिव्ह व्हॉइस ही शोभा नाही. ज्याला चोर माहीत नाही त्याला खरे बोलायचे असेल, तर इंग्रजीत हाच सरळ मार्ग आहे.

तिसरे हत्यार मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, आणि वर्गात त्याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. ते म्हणजे शब्दांचा क्रम. समजा, आपण पुस्तकांविषयी बोलत आहोत आणि कुणी विचारले, "'श्यामची आई' कुणाचे?" आपण म्हणतो, "'श्यामची आई' साने गुरुजींनी लिहिले." पुस्तकाविषयी बोलणे चालले आहे म्हणून पुस्तक आधी आले, नवी माहिती, म्हणजे लेखकाचे नाव, नंतर आली. क्रियापद बदलावे लागले नाही. स्पॅनिश माणूसही असेच करतो : 'एल किहोते लो एस्क्रिब्यो सेर्बान्तेस', म्हणजे 'किहोते, ते लिहिले सेर्बान्तेसने'. कर्म उचलून पुढे ठेवले, त्याची खूण म्हणून 'लो', म्हणजे 'ते', हा छोटा शब्द ठेवला, आणि कर्ता खुशाल शेवटी गेला.

इंग्रजीत हे चालत नाही. 'डॉन किहोते रोट सेर्बान्तेस' असे लिहिले तर कादंबरीने लेखक लिहिला असा अर्थ होतो. इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय नाहीत. कर्ता कोण आणि कर्म कोण हे केवळ जागेवरून कळते. क्रियापदाच्या आधीची खुर्ची कर्त्याची. मग ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे ते कर्म असेल आणि त्यालाच पुढे बसवायचे असेल तर काय करायचे? खुर्ची हलत नाही, म्हणून माणसाचा हुद्दा बदलायचा. कर्मालाच व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता करायचे, क्रियापदाला 'वॉज रिटन' असा वेष द्यायचा आणि खऱ्या कर्त्याला 'बाय' लावून मागे पाठवायचे, किंवा रजाच द्यायची. पॅसिव्ह व्हॉइस इंग्रजीत आहे तो यासाठी. ज्या भाषेत खुर्च्या हलवता येतात तिला या खटाटोपाची गरज कमी पडते. स्पॅनिशला ती कमी पडते, मराठीलाही.

व्हॉइस बदला, पण कशासाठी?

हे समजले की 'व्हॉइस बदला' या स्वाध्यायाचा दोष दिसू लागतो. त्यात दोन वाक्ये एकाच अर्थाची आहेत आणि हवे ते वापरावे असे मुलांना वाटते. 'आय ड्रँक अ ग्लास ऑफ मिल्क' याचे 'अ ग्लास ऑफ मिल्क वॉज ड्रंक बाय मी' करून मुले गुण मिळवतात. पण असे वाक्य इंग्रज माणूस आयुष्यात एकदाही बोलत नसेल. इंग्रजी व्याकरणकारांची मोजदाद अशी की, पाचांपैकी साधारण चार पॅसिव्ह वाक्यांत 'बाय'चा भाग नसतोच. म्हणजे आपण मुलांकडून ज्या 'बाय'ची घोकंपट्टी करून घेतो तो अपवाद आहे. कर्ता न सांगणे हाच नियम.

जाता जाता आपल्या वर्गातली एक गफलत सांगितली पाहिजे. 'रामाने आंबा खाल्ला' हा आपला कर्मणी प्रयोग. इथे क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून कर्मणी. पण याचे इंग्रजी 'राम एट अ मँगो' असे सरळ ॲक्टिव्ह आहे. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे एकदा मनात बसले की मुले 'ने' दिसला तिथे 'बाय' घालतात. इंग्रजी पॅसिव्हच्या खऱ्या जवळचे मराठी वाक्य 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' हे. त्याला आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांनी 'नवीन कर्मणी' असे नाव दिले, कारण ही धाटणी इंग्रजीच्या वळणावरून आली असे मानले जाते. स्पॅनिशमध्येही हुबेहूब अशीच तक्रार आहे. इंग्रजी बातम्यांच्या भाषांतरातून 'फुए'ची वाक्ये वर्तमानपत्रांत फार वाढली, जिथे 'से' पुरेसा होता तिथेही कोट घातला जाऊ लागला, असे त्यांचे भाषाशुद्धीचे मार्गदर्शक बजावत असतात.

प्रयोगवहीतले पाणी

विज्ञानाच्या शिक्षकांना हा विषय आपला वाटावा असे एक उदाहरण घेऊ. मराठी प्रयोगवहीत आपण लिहितो, 'परीक्षानळीत पाणी घेतले. ते तापवले.' घेणारा, तापवणारा कोण, ते सांगत नाही. स्पॅनिश विद्यार्थी त्याच्या वहीत लिहितो, 'से कालेन्तो एल आग्वा'. इथे क्रम पाहा : आधी 'तापवले', मग 'पाणी'. नवी गोष्ट शेवटी ठेवण्याची त्या भाषेची रीत, म्हणून क्रियापद खुशाल पुढे येते. हा विद्यार्थी अमेरिकेतल्या शाळेत गेला आणि इंग्रजीत प्रयोग लिहू लागला की तीन प्रकारची वाक्ये उमटतात. 'हीटेड द वॉटर' : कर्ता गाळला, पण इंग्रजीला ते चालत नाही. 'वॉज हीटेड द वॉटर' : साचा बरोबर, क्रम स्पॅनिश. आणि 'इट वॉज हीटेड द वॉटर' : कर्त्याची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून तिथे 'इट' बसवला, पण पाणी मागेच राहिले.

या तिन्ही चुकांवर लाल रेघ मारून 'चूक' लिहिणारा शिक्षक त्यांना एकच समजतो. प्रत्यक्षात शेवटचा विद्यार्थी पहिल्यापेक्षा बराच पुढे गेलेला आहे. इंग्रजीत खुर्ची रिकामी ठेवत नाहीत, हे त्याला कळले आहे. पाणी स्वतःच त्या खुर्चीवर बसू शकते एवढेच कळायचे राहिले आहे. त्याला नियम पुन्हा सांगण्याऐवजी 'कशाविषयी सांगतोस? पाण्याविषयी ना? मग त्याला पुढे बसव', एवढे म्हटले तर काम होते.

प्रयोग पॅसिव्हमध्येच लिहावा हा दंडक मात्र फार पवित्र मानू नये. न्यूटनने प्रकाश आणि रंग यांवरचे आपले प्रयोग १६७२ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले, ते सरळ 'मी' म्हणून. लोलक मी मिळवला, खोली मी अंधारी केली, अशा भाषेत. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ सालचा प्रसिद्ध लेख तर 'वी' या शब्दानेच सुरू होतो. जिथे कोण करतो याने फरक पडत नाही तिथे पॅसिव्ह. जिथे मत, निवड किंवा जबाबदारी कुणाची हे सांगायचे आहे तिथे 'आम्ही'. एकाच अहवालात दोन्ही नांदू शकतात.

पॅसिव्ह सहज अंगवळणी पडावा असा धडा हवा असेल, तर एखाद्या प्रक्रियेचे वर्णन घ्यावे. कोलंबियाच्या डोंगराळ भागातल्या मुलांना कॉफी कशी तयार होते हे सांगायला नको. फळे तोडतात, वरचा गर काढतात, बिया आंबवतात, धुतात, वाळवतात. स्पॅनिशमध्ये ही साखळी अशी : 'से रेकोहेन, से देस्पुल्पान, से फेर्मेन्तान, से लाबान, से सेकान'. आणि इंग्रजीत : 'दे आर पिक्ड, पल्प्ड, फर्मेंटेड, वॉश्ड अँड ड्राइड'. प्रत्येक 'से'च्या जागी 'आर' आणि तिसरे रूप. इथे 'दे' आहे तो तोडणाऱ्यांचा नाही, फळांचा आणि बियांचा. हे मुलांनी स्वतः शोधून काढले की निम्मे काम झाले. यात 'बाय' कुठेच नाही. 'बाय द फार्मर' असे पाच वेळा लिहून बघायला सांगावे, म्हणजे ते का नको हेही हसत हसत कळते. आपल्या वर्गात गूळ किंवा पोहे घेऊन हाच धडा करता येईल.

जिथे 'से' पुरत नाही

कॉफीच्या धड्यावरून 'से दिसला की पॅसिव्ह करा' असा नियम विद्यार्थी मनात बांधतो. तो नियम दोन्ही अंगांनी अपुरा आहे.

काही ठिकाणी इंग्रजी स्पॅनिशच्या पुढे जाते. 'मारियाला बक्षीस दिले' हे स्पॅनिशमध्ये 'ले दिएरोन उन प्रेमिओ आ मारिया'. इंग्रजी मारियालाच खुर्चीवर बसवते : 'मारिया वॉज गिव्हन अ प्राइझ'. याचे शब्दशः स्पॅनिश केले तर मारियाच कुणाला तरी देऊन टाकली, असे काहीतरी होऊ लागते, म्हणून विद्यार्थ्याचे मन ते घ्यायला तयार होत नाही. 'आय वॉज टोल्ड', म्हणजे 'मला सांगण्यात आले', हे अगदी रोजचे इंग्रजी वाक्य. पण स्पॅनिशभाषक वर्षानुवर्षे ते टाळून 'दे टोल्ड मी' म्हणत राहतो. चूक नाही, पण कार्यालयात साहेबाने 'दे म्हणजे कोण?' असे विचारले की पुन्हा सायकलचीच गोष्ट.

जन्माचे वाक्य मात्र पाठच करावे. स्पॅनिश 'नासी', म्हणजे 'मी जन्मलो', हे साधे ॲक्टिव्ह क्रियापद आहे. म्हणून 'आय बॉर्न इन लिमा' ही चूक इतकी टिकाऊ. उलट दिशेने जाणारी चूक 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' ही. अपघात काही करत नाही, तो घडतो, म्हणून विद्यार्थ्याला वाटते की इथे 'वॉज' हवाच. ही चूक स्पॅनिशभाषकांपुरती नाही. जपानी आणि चिनी विद्यार्थीही ती करतात. म्हणजे विद्यार्थी अर्थाकडे पाहून विचार करतो आहे, हे तिच्यातून दिसते.

आणि एक जागा अशी की जिथे इंग्रजीच आखूड पडते. 'असणे' या अर्थाची स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत. 'ला बेन्ताना एस्ता रोता' म्हणजे खिडकी फुटलेली आहे, ही स्थिती. 'फुए रोता' म्हणजे फोडली गेली, ही घटना. इंग्रजी 'द विंडो वॉज ब्रोकन' या एकाच वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. मी गेलो तेव्हा ती फुटलेली होती, की माझ्यासमोर फुटली? इथे स्पॅनिश विद्यार्थी शिक्षकाला प्रश्न विचारतो आणि शिक्षकाला थांबून विचार करावा लागतो.

कप फुटला

आता 'से'ची अशी एक धाटणी, जिचे पॅसिव्ह करू नये. हातातून कप निसटला आणि फुटला. मराठी माणूस म्हणतो, 'माझ्या हातून कप फुटला.' स्पॅनिश माणूस म्हणतो, 'से मे रोम्प्यो ला तासा'. यातला 'मे' म्हणजे 'मला' किंवा 'माझ्या बाबतीत'. कप फुटला, आणि तो माझ्या बाबतीत फुटला. दोन्ही वाक्यांत मुद्दाम केले नाही हे आहे, आणि माझा संबंध आहे हेही आहे. मी लपलेलो नाही. फक्त कर्त्याच्या खुर्चीवर बसलेलो नाही.

इंग्रजी इथे बेधडक 'आय ब्रोक द कप' म्हणते. मुद्दाम फोडला असे त्यातून सुचवायचे नसते. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोन संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना छोट्या चित्रफिती दाखवल्या होत्या. काहींत माणूस वस्तू मुद्दाम फोडतो, काहींत चुकून. मुद्दाम केलेल्या कृतींचे वर्णन दोन्ही गटांनी सारखेच केले : 'त्याने फोडले'. चुकून झालेल्या घटनांत इंग्रजी भाषक बहुधा 'त्याने फोडले' असेच म्हणत, स्पॅनिश भाषक 'फुटले' असे म्हणण्याकडे अधिक झुकत. नंतर 'हे कुणाकडून झाले' असे विचारले, तर मुद्दामच्या घटनांत दोघांची आठवण सारखी होती; चुकून झालेल्या घटनांत मात्र इंग्रजी भाषकांना करणारा माणूस अधिक चांगला आठवत होता. एका अभ्यासावरून भाषा माणसाला घडवते असा मोठा निष्कर्ष काढण्याची घाई नको. पण साक्षीदाराचा जबाब ज्या भाषेत घेतात तिच्याकडे लक्ष द्यायला हवे, इतके तरी यातून निघतेच.

आता घरकाम करणारी एखादी स्पॅनिशभाषक बाई किंवा हॉटेलातला मुलगा मालकाला इंग्रजीत सांगतो, 'द कप वॉज ब्रोकन'. शाळेत शिकल्याप्रमाणे त्याने 'से'चे पॅसिव्ह केले. पण ते करताना 'मे' हा शब्द गळाला, आणि त्या एका शब्दातच त्याचा प्रामाणिकपणा होता. इंग्रजी ऐकणाऱ्याचे कान अशा वाक्यांना फार सावध असतात. १९८७ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इराणला शस्त्रे पुरवण्याच्या प्रकरणाविषयी अमेरिकी संसदेपुढे 'मिस्टेक्स वेअर मेड' अशा अर्थाचे वाक्य वापरले. चुका झाल्या, पण कुणी केल्या? तेव्हापासून, आणि त्याआधीपासूनही, हे शब्द जबाबदारी टाळण्याचा नमुना म्हणून तिथे सांगितले जातात. म्हणजे जो मुलगा आपल्या भाषेत 'माझ्या हातून झाले' असे कबूल करत होता, तो इंग्रजीत काहीतरी लपवतो आहे असे मालकाला वाटते. याचे पुढे काय होईल ते मालकाच्या स्वभावावर अवलंबून.

'व्हॉइस बदला' या स्वाध्यायात असा प्रश्न कधीच येत नाही, कारण तिथे वाक्य आहे पण बोलणारा आणि ऐकणारा नाही. स्पॅनिशभाषकांच्या वर्गात म्हणून तीन चित्रे फळ्यावर काढावीत : चोरीला गेलेली सायकल, वाळत घातलेली कॉफी आणि फुटलेला कप, कपाशेजारी मान खाली घालून उभा असलेला मुलगा. प्रत्येक चित्राखाली आधी आपल्या भाषेतले वाक्य लिहायला सांगावे, मग इंग्रजी. पहिल्या दोन चित्रांखाली 'वॉज' आणि 'आर' येतील. तिसऱ्या चित्राखाली 'आय' आला पाहिजे, आणि मुद्दाम नव्हते हे सांगायचे असेल तर 'बाय ॲक्सिडेंट' हे दोन शब्द शेवटी जोडता येतात.